परदेशात शिकून गोदावरी वेगळी दिसते का? नाशिकचे विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी पंचवटीतली. जर्मनीत एसेनला दोन वर्षं पाणी व्यवस्थापन शिकले आणि परत नाशिकला आले. तेव्हापासून मुलं, त्यांचे आईबाबा, कधी कॉलेजातले शिक्षक मला प्रश्न पाठवत असतात. विद्यापीठ कोणतं, खर्च किती हे असतंच. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट हमखास विचारली जाते: तिकडे जाऊन आमचं मूल निसर्गाकडे आणि जगाकडे पाहायला शिकेल का? त्या अंगाने आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

१. परदेशात शिकायला गेलं की पर्यावरणाची जाण आपोआप येते का?

आपोआप लागतात त्या सवयी. जर्मनीत पाण्याची बाटली घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते पैसे परत मिळतात. महिनाभरात प्रत्येक जण बाटल्या साठवायला लागतो. सुट्टीत नाशिकला आल्यावर तोच मुलगा सोमेश्वरच्या धबधब्यापाशी बाटली टाकून निघून जातो, हे मी पाहिलं आहे. तिकडे त्याला व्यवस्थेने वळण लावलं होतं. इथे ती व्यवस्था नाही, म्हणून वळणही राहिलं नाही.

जाण यायची तर पुढचे प्रश्न पडावे लागतात. अनामतीचा नियम कोणी केला? दुकानदार तो का पाळतो? न परतलेल्या बाटल्यांचे पैसे कोणाकडे राहतात? हे विचारायला कोणी शिकवलं तर खूप फरक पडतो. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या मायकेल टॅरंट यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी परदेशात आणि मायदेशी शिकणारे विद्यार्थी घेतले, त्यांतले काही शाश्वत विकासाचा विषय शिकणारे आणि काही इतर विषयांचे, आणि त्यांची तुलना केली. जागतिक नागरिक म्हणून भान सगळ्यात जास्त वाढलं ते परदेशात जाऊन तो विषयही शिकणाऱ्यांमध्ये. नुसतं विमानात बसणं पुरत नाही.

मी सगळ्यांना एक वही ठेवायला सांगते. आठवड्यातून एकदा तिथली एक गोष्ट लिहायची आणि समोरच्या पानावर तीच गोष्ट नाशिकमध्ये कशी चालते ते लिहायचं. समोरचं पान लिहिता आलं नाही, तर आपल्याला आपलं गाव किती कमी माहीत आहे ते कळतं.

२. ‘जागतिक नागरिक’ म्हणजे नक्की काय? पासपोर्ट बदलावा लागतो का?

नाही. हा कायद्याचा दर्जा नाही, जबाबदारीची जाणीव आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टं मांडली. त्यातल्या शिक्षणाच्या चौथ्या उद्दिष्टात, ४.७ क्रमांकाच्या लक्ष्यात, हा शब्द आहे.

नाशिककरांना तो समजावायला मी द्राक्षं वापरते. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात आणि वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला वापरतात. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि शेतकरी दोघेही अडचणीत आले. निफाडच्या वेलीवर मारलेलं औषध आणि युरोपातल्या एका आईने मुलाच्या डब्यात दिलेले मणी, यांच्यात धागा आहे हे आपल्या शेतकऱ्याला त्या वर्षी फार महागात कळलं. असा धागा दोन्ही टोकांनी पाहता येणं म्हणजे जागतिक नागरिकत्व. निफाडची बाजूही त्यात आली पाहिजे. त्या औषधाची शिफारस शेतकऱ्याला कोणी केली होती, आणि नियम कळायला त्याला इतका उशीर का झाला?

३. माझा मुलगा मेकॅनिकलचा आहे. पर्यावरणाचं भान हवं म्हणून विषय बदलावा का?

बदलू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बाहेर पडणारं पाणी आणि धूर कमी करायला मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकलचीच माणसं लागतात. युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांत दुसऱ्या विभागाचा एखादा विषय घेता येतो. कारखान्याच्या पूर्ण साखळीचा हिशेब, म्हणजे खाणीतल्या धातूपासून भंगारापर्यंत एका वस्तूवर किती पाणी आणि ऊर्जा खर्च होते, हे शिकवणारा एक तरी विषय घ्यायला सांगा.

इथल्या पदवीलाही पर्यावरणाचा विषय सक्तीचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालापासून त्याची सुरुवात झाली. पण प्रकल्पाची वही आदल्या रात्री मित्राकडून उतरवून काढायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मुलगा अजून इथेच शिकत असेल तर ती वही त्याने खरोखर लिहावी.

४. यासाठी कोणता देश चांगला?

देश निवडण्यापेक्षा प्रश्न निवडा. तुम्हाला कशाचं कोडं सोडवायचं आहे?

पाण्याचं असेल तर नेदरलँड्स. डेल्फ्टला युनेस्कोशी जोडलेली आयएचई ही संस्था फक्त पाण्याचं शिक्षण देते आणि तिथे वर्गात आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले नोकरी करणारे अभियंते शेजारी बसतात. शेतीचं असेल तर त्याच देशात वाखेनिंगन. माझ्या आवडीची गोष्ट तिथल्या पाणी मंडळांची. सर्वांत जुनी मंडळं तेराव्या शतकातली आहेत. बांध, कालवे, सांडपाणी हे सगळं ती पाहतात, त्यासाठी रहिवाशांकडून वेगळा कर घेतात आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. कायदेशीर परवान्यावर राहणाऱ्या परदेशी माणसालाही त्यात मत देता येतं. म्हणजे नाशिकची विद्यार्थिनी तिथल्या पाण्याच्या कारभारासाठी मतदान करू शकते. जागतिक नागरिकत्वाचा याहून नेमका धडा मला माहीत नाही.

कचऱ्यासाठी जर्मनी, स्वीडन, जपान. जपानमधल्या कामिकात्सु गावात लोक कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. पण जपानला जाणाऱ्याने मिनामाताही समजून घ्यावं. तिथे कारखान्याच्या पाऱ्यामुळे माणसं अपंग झाली, मेली. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला आणि न्यायासाठी लोकांना पुढे अनेक दशकं लढावं लागलं. आजची स्वच्छता पाहून आलेल्याने त्यामागचा हा इतिहास विसरू नये.

५. तिकडच्या नद्या इतक्या स्वच्छ, मग आपली गोदावरी अशी का? त्यांची संस्कृतीच वेगळी आहे का?

हा प्रश्न मला सर्वाधिक येतो आणि त्याचं उत्तर द्यायला मला सर्वाधिक आवडतं, कारण संस्कृतीचा मुद्दा इथे खरा नाही. त्यांच्या नद्याही गटारं होत्या.

एसेनच्या उत्तरेला एम्शर नावाची नदी वाहते. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, म्हणून जमिनीखाली गटारं घालता येत नव्हती. मग शंभरेक वर्षांपूर्वी अख्खी नदीच सरळ केली, काँक्रीटमध्ये बांधली आणि उघडं गटार म्हणून वापरली. पोरांनी जवळ जाऊ नये म्हणून कुंपणं असायची. खाणी बंद पडत गेल्यावर १९९२ मध्ये नदी परत आणायचं काम सुरू झालं. साधारण ५१ किलोमीटर लांबीचं मुख्य गटार जमिनीखालून नेलं, पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला आणि २०२१ च्या शेवटी नदीत सांडपाणी जाणं थांबलं. जवळपास तीस वर्षं लागली. मी तिथे होते तेव्हा काम अजून चालू होतं. एका काठाला वास यायचा, तर थोडं पुढे काँक्रीट काढलेल्या तुकड्यात गवत आणि बगळे दिसायचे. तिथे उभी असताना मला रामकुंड आठवायचं. गोदापात्राच्या तळाचं काँक्रीट काढा, खालचे झरे मोकळे करा, अशी मागणी नाशिकमधली माणसंही वर्षानुवर्षं करत आहेत. ती मागणी वेडेपणाची नाही, हे मला एम्शरच्या काठावर पटलं.

पैशाची व्यवस्थाही पाहा. एम्शरचं काम पाहणारी सहकारी संस्था १८९९ पासून आहे. काठावरच्या नगरपालिका आणि उद्योग तिचे सभासद, आणि जो जितकी घाण सोडेल तितकी त्याची वर्गणी जास्त.

ऱ्हाईनचं तसंच. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळच्या एका रासायनिक गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं, नदी लाल झाली, लाखाहून अधिक वाम मासे मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून कृती कार्यक्रम आखला. पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. २०२५ च्या उन्हाळ्यात लोक पुन्हा उतरले, त्याआधी १.४ अब्ज युरो खर्च झाले होते.

आपल्याकडे नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांतून घरांचं सांडपाणी गोदेला मिळतं. वर गंगापूर धरण आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पात्रात स्वतःचं वाहतं पाणी फार थोडं उरतं. अडचण श्रद्धा कमी पडल्याची नाही. मलजल वाहून नेणाऱ्या वाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं, त्यांची रोजची देखभाल आणि हे सगळं चालतंय का हे विचारणारी माणसं, अशी ही कोडी आहेत. ती सुटू शकतात.

आणखी एक. ऱ्हाईनवर बाझल वर आहे आणि नेदरलँड्स खाली. गोदावरीवर आपण वर आहोत आणि जायकवाडी खाली. मराठवाड्याला पाणी सोडायची वेळ आली की नाशिकमध्ये काय वातावरण असतं ते आपल्याला माहीत आहे. डच विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसून ‘वरच्यांनी आमचं ऐकलं नाही तर आम्ही काय करायचं’ हे मी ऐकलं, तेव्हा पहिल्यांदा पैठणच्या बाजूने विचार केला. माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणाचं मोल मला विचाराल तर ते हे आहे.

६. परत आल्यावर मुलगी घरात प्रत्येकाच्या चुका काढते. निर्माल्यावरून आजीशी वाद झाला. काय करावं?

पहिले काही महिने असं होतं. मीही केलं. मग एसेनमधला पहिला महिना आठवला: मी भज्यांचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतलं होतं आणि सोबत राहणाऱ्या मुलीने शांतपणे, चित्र काढून, ते तेल वाहिनीत कसं गोठतं ते दाखवलं होतं. तिने आवाज चढवला असता तर मी ऐकलं नसतं.

मुलीला आजीबरोबर बसवून घरातली जुनी रीत लिहून काढायला सांगा. जुन्या लुगड्यांची गोधडी, कापडी पिशवी, रद्दी आणि भंगारवाला, दारात थांबणारा कल्हईवाला. नाशिकची घंटागाडी तर नव्वदच्या दशकापासून फिरते आहे. निर्माल्याचं म्हणाल, तर विसर्जनाला गोदाघाटावर ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत मूर्ती आणि निर्माल्य गोळा करणारी मुलं नाशिकचीच आहेत. आजीला त्यांच्याकडे घेऊन जावं, वाद लवकर मिटतो.

७. विमानाने जाण्यातच एवढं प्रदूषण होतं. मग पर्यावरण शिकायला विमानाने जाणं बरोबर आहे का?

प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण ६,५०० किलोमीटर. जाऊन-येऊन एका प्रवाशामागे ढोबळमानाने एक टन कार्बन डायऑक्साइड धरा. भारतातल्या सरासरी माणसाचं वर्षभराचं उत्सर्जन साधारण दोन टन आहे, म्हणजे एका फेरीत निम्मं वर्ष गेलं.

माझं मत असं: दोन वर्षांच्या अभ्यासासाठी एकदा जाणं समजू शकतं. आठ दिवसांच्या ‘शैक्षणिक सहली’साठी तीच फेरी मला पटत नाही. गेल्यावर दर सुट्टीत स्वस्त विमानं पकडून सात देश पाहण्यापेक्षा रेल्वेने दोन देश नीट पाहावेत. झाडं लावून हिशेब चुकता होतो असं मी कोणाला सांगत नाही.

८. सहा महिन्यांचं सत्र पुरतं की पूर्ण पदवी हवी?

सहा महिनेही पुरतात, एकाच शहरात राहिलात आणि स्थानिक लोकांबरोबर एखादं काम केलंत तर. सायकल दुरुस्तीचं केंद्र, सामायिक भाजीची बाग, नदीकाठची सफाई, काहीही. भारतीय मित्रांच्याच खोलीत सगळ्या संध्याकाळी गेल्या तर दोन वर्षंही अपुरी पडतील. वहीचं पहिल्या उत्तरात सांगितलंच आहे.

९. एवढा पैसा कुठून आणायचा? आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, ती गहाण टाकू का?

बाग गहाण टाकायच्या आधी हे सगळं करून पाहा.

इरॅस्मस मुंडस या युरोपीय संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क माफ आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. पर्यावरण, भूजल, पूरव्यवस्थापन असे विषय त्यात आहेत. जर्मनीच्या डाड संस्थेची विकासाशी निगडित अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्ती आणि ब्रिटनची चेव्हनिंग या दोन्हींना साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. चेव्हनिंगमध्ये शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी आणि इतर मागास प्रवर्गांसाठी त्या त्या विभागांच्या वेगळ्या योजना आहेत. सुरगाणा, पेठ, कळवणच्या मुलांपर्यंत ही माहिती पोहोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर आवर्जून सांगा.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. पण बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता शुल्क घेतं. शुल्क नसलं तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो (२०२४ पासूनचा आकडा) बंद खात्यात, म्हणजे जिथून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. हा आकडा वाढत असतो, अर्ज करताना दूतावासाचा ताजा नियम पाहा.

१०. वर्गात कोणी म्हणालं, ‘प्रदूषण तर तुमच्या भारतामुळेच होतं’, तर काय उत्तर द्यायचं?

चिडू नका आणि मान खालीही घालू नका. आकडे सांगा. वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन अमेरिकेत साधारण १४ टन, जर्मनीत सातच्या आसपास, भारतात दोन. शिवाय आजवर हवेत साठलेल्या कार्बनचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे.

पण तिथेच थांबू नका. ‘सरासरी’ हा शब्द आपल्यालाही उलटून विचारतो. गंगापूर रोडवर दोन गाड्या आणि चार एसी असलेलं घर आणि पेठ तालुक्यात डोक्यावर हंडा वाहणारी बाई, दोघं त्या दोन टनांत आहेत. परदेशात भारताची बाजू मांडताना आपण त्या बाईच्या आकड्यामागे लपत असू, तर तिचं आपण काही देणं लागतो.

११. तिकडे हवामानाच्या मोर्चात गेलो तर व्हिसाला धोका आहे का?

देशानुसार उत्तर बदलतं. जर्मनीत पूर्वसूचना दिलेल्या, शांततापूर्ण मोर्चात परदेशी विद्यार्थीही जातात. रस्त्यावर हात चिकटवून वाहतूक अडवणं वेगळं, त्यात पोलिसांत गुन्हा नोंदला जाऊ शकतो आणि तो परवान्याच्या नूतनीकरणात आडवा येऊ शकतो. अमेरिकेत २०२५ मध्ये आंदोलनांत भाग घेतलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, तिथे जास्त जपून राहा. कुठेही जाण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारा.

१२. मला तिकडेच राहायचंय. मग हे सगळं शिकून नाशिकला काय उपयोग?

राहा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. मात्र कामाचे धागे तुटू देऊ नका. इथल्या एखाद्या कॉलेजच्या मुलांना वर्षातून दोन ऑनलाइन तास द्या, त्यांच्या प्रकल्पाचे आकडे तपासा. नाशिकच्या नळातल्या पाण्यावर तुम्ही वाढलात, एवढं नातं पुरेसं आहे.

१३. परदेश परवडणारच नाही. मग ही जाण आम्हाला कधी येणारच नाही का?

येईल, आणि काही बाबतींत जास्त लवकर. पाणी मंडळांचं कौतुक चौथ्या उत्तरात केलं, पण तिकडे ती शिकताना मला सारखी आपली फड पद्धत आठवत होती. मोसम, आराम, गिरणा आणि धुळ्याकडची पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षांपासून गावकरी बंधाऱ्याचं पाणी आपसांत ठरवून वाटत आले. जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. डच प्राध्यापकांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुढच्या आठवड्यात पूर्ण तास त्यावर बोलायला लावलं. आणि माझी पंचाईत झाली, कारण मी बागलाणात जाऊन फड कधी पाहिलाच नव्हता. घरी फोन करून काकांकडून माहिती घ्यावी लागली.

ओझर-दिंडोरीकडे वाघाड धरणावरच्या पाणी वापर संस्था पाहायला देशभरातून लोक येतात. नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे; हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आलेले पक्षी तिथे उतरतात. नाशिकच्या सीबीएस बस स्थानकाहून एसटीने निघून एका दिवसात पाहून परत येता येतं.

आणि २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. एका रविवारी सकाळी सोमेश्वरपासून तपोवनापर्यंत काठाने चाला. वाटेत किती ठिकाणी नाला किंवा पाइप नदीत उतरतो ते मोजा, वेळ आणि पाण्याचा रंग लिहा, फोटो काढा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा तेच करा. वही माझ्याकडे घेऊन या, महापालिकेला अर्ज कसा लिहायचा ते आपण मिळून ठरवू.